साकव झाला, वाट राहिली

आमच्या घराला कधी कुलूप लागलं नाही. लावायला कुलूप नव्हतं आणि आत चोरण्यासारखं काही नव्हतं. दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याचा ट्रक नेरे गावाच्या रस्त्यावर येऊन उभा राहायचा आणि आमची सगळी वाडी कोंबड्या-भांड्यांसकट त्यात चढायची. भट्टीवर बाप माती कालवायचा, आई साच्यातून विटा पाडायची आणि मी त्या वाळायला उन्हात उलटवत फिरायचो. पाऊस तोंडावर आला की परत. आल्यावर दारातलं गवत कापायचं, छपराचा पेंढा सारखा करायचा, की झालं घर. सहा महिने भट्टीनं घेतले, चार महिने ओढ्यानं. मधे जे दिवस उरले त्यात मी शाळा शिकलो.

ओढा आमची वाडी आणि रस्ता यांच्या मधोमध आहे. उन्हाळ्यात त्यात घोटाही बुडत नाही, शेळ्या तळाशी उभ्या राहून चरतात. पावसाळ्यात डोंगरावरचं सगळं पाणी त्यातूनच खाली येतं. खालच्या अंगाला वाडवडिलांनी मोठे धोंडे टाकून ठेवलेत. पाणी कमी असलं की एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडे जायचं. धोंडे बुडाले की वाडी बंद. मग कुणी आजारी पडायचं नाही, एवढंच आमच्या हातात होतं.

मी तिसरीत होतो तेव्हा माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. दीड वर्षाचा होता. दोन दिवस धोंडे पाण्याखाली होते. आई त्याला लुगड्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिकचा कागद धरून काठावर उभी राहिली. पलीकडे दूधवाला मोटारसायकल लावून थांबला होता. ‘आणा, मी पनवेलला नेतो,’ असं तो हातानं सांगत होता. बापानं दोनदा पाण्यात पाय घातला आणि दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा आईनंच त्याची बंडी मागून धरली. दूधवाला बराच वेळ थांबला, मग त्यानं आमच्याकडे बघून हात हलवला आणि गेला. पाणी उतरलं त्या सकाळी भाऊ राहिला नव्हता. बापानं त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला, पळसाखालच्या मसणवटीत नेलं. मी बरोबर गेलो. आई आली नाही. आमच्याकडे बायका तिकडे जात नाहीत.

हे कीव यावी म्हणून सांगत नाही. पुढे मी जी चूक केली, ती या ओढ्याशिवाय समजायची नाही.

मास्तरांनी बापाच्या मागे लागून मला पनवेलच्या वसतिगृहात घातलं. तिथून मी बी.कॉम. झालो. आमच्या वाडीतून पदवी घेणारा मी पहिला, आणि हे लिहिताना मला मुळीच लाज वाटत नाही. कुणी फुकट दिली नाही ती. बापाला वाचता येत नव्हतं, पण पदवीचा कागद त्यानं बराच वेळ हातात धरला आणि मग उंदरांनी खाऊ नये म्हणून खताच्या पिशवीत घालून आढ्याला टांगला. दोन वर्षांनी तो गेला. पिशवी अजून तिथेच आहे.

मला पनवेलमध्ये एका संस्थेत नोकरी लागली. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. संस्था कंपन्यांकडून निधी आणून गावांत कामं करायची. पदाचं नाव प्रकल्प समन्वयक. गळ्यात फोटोचं ओळखपत्र. पहिल्या वर्षी शाळांचे संडास, अंगणवाडीची फरशी अशी कामं केली. दुसऱ्या वर्षी मॅडम म्हणाल्या, ‘एखादा चांगला प्रस्ताव सुचव.’ मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. मी एकाच बैठकीत प्रस्ताव लिहून काढला: आमच्या वाडीच्या ओढ्यावर साकव. पायी माणूस आणि दुचाकी जाईल एवढा छोटा पूल. भावाचं त्यात काही लिहिलं नाही. तशा गोष्टींना फॉर्ममध्ये रकाना नसतो.

प्रस्ताव मंजूर झाला आणि मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. पुण्याहून आलेल्या सरांनी फळ्यावर मोठा चौकोन काढला आणि त्याचे चार भाग केले. म्हणाले, प्रकल्पात ज्याचं-ज्याचं काही अडकलेलं आहे तो स्टेकहोल्डर. त्याची ताकद किती आणि त्याला रस किती, हे बघायचं आणि त्याला त्याच्या खणात बसवायचं. ताकद जास्त, रस जास्त, त्याला सतत धरून राहायचं. ताकद कमी, रस जास्त, त्याला माहिती देत राहायचं. मला हे फार आवडलं. इतकी वर्षं जे लोक मला दारात उभं करत होते, त्यांना मी आता कागदावर खणात बसवणार होतो.

मी तक्ता केला तो अजून माझ्याकडे आहे. वरच्या खणात निधी देणारी कंपनी, ग्रामपंचायत, वनखातं, आणि ओढ्यापलीकडच्या फार्महाऊसचे शेठ. खालच्या खणात, स्वच्छ अक्षरात, ‘वाडीतील रहिवासी’. पुढे कंसात: ‘माहिती देत राहणे’.

इंजिनिअरनं दोन जागा बघितल्या. खालची, धोंड्यांची, जिथून लोक जातात. तिथे पात्र रुंद, काठ भुसभुशीत, आणि दोन्हीकडची पट्टी वनखात्याची. परवानगीला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. वरची जागा अरुंद, दोन्ही बाजूंना कातळ. पलीकडचं टोक शेठच्या कुंपणाच्या कोपऱ्यात आणि अलीकडचं टोक पळसापासून साधारण शंभर पावलांवर. इंजिनिअर म्हणाला, ‘इथं देवानंच अर्धा पूल बांधून ठेवलाय.’

पळस कुठला ते मला सांगायची गरज नव्हती. मी तिकडे पाहिलं. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरंच झालं, तो इथेच आहे, त्याच्या शेजारूनच लोक दवाखान्यात जातील. किती मूर्खपणा तो. पण वाटलं खरं.

मग चार महिने मी शेठच्या मागे होतो. शनिवारी ते मुंबईहून यायचे. फाटकावर त्यांचा मॅनेजर, मॅनेजरच्या पायाशी कुत्रा. ‘साहेब झोपलेत.’ ‘साहेब पाहुण्यांत आहेत.’ ‘पुढच्या शनिवारी बघा.’ दहाव्या खेपेला शेठनी मला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि कोपऱ्यातून रस्ता द्यायला सही केली. ज्या कुंपणाच्या खड्ड्यांसाठी माझ्या बापानं खणकाम केलं होतं, त्याच्या आत मी खुर्चीवर बसून सही घेतली. परत येताना ओळखपत्र मी शर्टाच्या बाहेर काढून ठेवलं होतं.

आता वाडीची संमती बाकी होती. तो मला सगळ्यात सोपा भाग वाटला. माझीच माणसं.

सभा दिवाळीच्या आठ दिवस आधी घेतली, ट्रक यायच्या आत. शाळेतून खुर्च्या आणल्या. मॅडम आल्या, पंचायतीचे एक सदस्य आले. साकवाचं रंगीत चित्र समाजमंदिराच्या भिंतीला टांगलं. पुरुष पुढे बसले, बायका मागे भिंतीला टेकून. माझी आई त्यांच्यात, डोक्यावर पदर घेऊन. मी बोललो ते ‘आपण सर्वांनी’ आणि ‘या ठिकाणी’ असं. मॅडम समोर होत्या. शेवटी मी तीनदा विचारलं, ‘कुणाला काही अडचण आहे का?’

‘नाय नाय. बरा हाय,’ पुढचे म्हणाले.

मागून एक आवाज आला. आमच्या मावशीचा. सख्खी नव्हे, पण आईची लांबची बहीण, म्हणून सगळ्या वाडीची मावशी. नवरा नाही, मूल नाही, भट्टीवर कधी गेली नाही. ओढ्याच्या वर डोंगर-उतारावर तिची एक दळी आहे. दळी म्हणजे सरकारनं कसायला दिलेला उताराचा तुकडा. त्यात ती नाचणी आणि वरी करते आणि डुकरांशी भांडते.

‘ह्यो पलसाकडं उतरनार का रं?’ तिनं विचारलं.

‘हो मावशी. पण अगदी पळसाला लागून नाही. शंभर पावलं आहेत.’

‘हा,’ ती म्हणाली आणि मिसरी लावायला लागली.

मी सभेच्या वृत्तांतात लिहिलं: ‘एका ज्येष्ठ महिलेने जागेबाबत विचारणा केली. तिचे समाधान करण्यात आले.’ मग सह्या आणि अंगठे झाले. फोटो झाला. सगळे गेल्यावर मी आईला विचारलं, ‘बरं झालं ना गं?’

‘हा,’ आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दिवाळीनंतर ट्रक आला आणि वाडी गेली. माझी बहीण तेव्हा वाडीतच दिलेली, नवऱ्याबरोबर भट्टीवर जायची. तिला नुकतेच दिवस गेले होते, म्हणून आईसुद्धा, मी नको-नको म्हणत असताना, तिच्यासोबत गेली. मागे राहिले दोन-तीन म्हातारे आणि मावशी. त्या रिकाम्या वाडीत आमचं काम धडाक्यात झालं. अडवायला कुणी नव्हतं. मावशी रोज दळीतल्या धोंड्यावर येऊन बसायची आणि खाली काम चाललेलं बघायची. मला वाटायचं, कौतुकानं बघते. मी खालून हात करायचो. ती हात करायची नाही. मी दर आठवड्याला अहवाल पाठवत होतो आणि त्यात ‘स्थानिकांचा विरोध नाही’ असं वाक्य न चुकता असायचं.

मे महिन्यात फीत कापली. कठड्याला निळा रंग दिला होता. कंपनीच्या साहेबांनी साकवावरून चालत जाऊन परत येऊन हात झटकले आणि म्हणाले, ‘व्हेरी गुड.’

मग वाडी परत आली. पुरुष साकवावरून आले-गेले. पोरांनी सायकली नेल्या. मी पनवेलच्या खोलीवर राहत होतो, शनिवार-रविवार जायचो, त्यामुळे मला कळायला जूनचा मधला आठवडा उजाडला. सकाळी मी नेहमीसारखा साकवावरून आलो तर खाली धोंड्यांवर बायका दिसल्या. एकीच्या कडेवर पोर, दुसरीच्या डोक्यावर मोळी, आणि तिसरी माझी बहीण, आठ महिन्यांची गरोदर, ओल्या धोंड्यावर एक पाय आणि पुढच्यावर दुसरा. मागे आई आणि मावशी.

मी वरूनच ओरडलो. ‘अगं वेडी झालीस का? पडशील! साकव बांधलाय ना इथे!’

बहिणीनं वर पाहिलं, पुढचा धोंडा पकडला आणि अलीकडे आली. मी धावत खाली गेलो.

‘आई, हे काय?’

आई लुगड्याचा ओला काठ पिळायला लागली.

मावशी म्हणाली, ‘साकव साहेबांचा हाय. साहेब जातील त्याच्यावरनं.’

‘मावशे, मी मस्करी करत नाही.’

‘मी बी नाय.’

‘अगं मग सभेत नको म्हणायचं होतंस!’

‘इचारलं नाय का मी, पलसाकडं उतरनार का म्हनून?’

‘विचारलंस. पण नको कुठे म्हणालीस?’

मावशीनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला. ‘तू बाईला घेऊन आलास. खुर्च्या मांडल्यास. भित्तीला कागूद टांगलास. आनि आमच्याशी मास्तरावानी बोलाया लागलास. त्याच्यात कोन नाय म्हनतो रं? तुझा बाप म्हनला होता का कदी भट्टीवाल्याला नाय?’

हे मला माहीत होतं. मी त्याच वाडीत वाढलो. कागद घेऊन कुणीही आलं, तलाठी असो, भट्टीवाला असो की लस टोचायला आलेली नर्सबाई, आमची माणसं मान हलवतात. समोरच्याला नाही म्हणणं हा उद्धटपणा, आणि वर त्यातून काय होईल सांगता येत नाही. म्हणून हो म्हणायचं, तो गेला की आपल्याला करायचं ते करायचं. मी लहानपणी नर्सबाईसमोर आईला ‘हो’ म्हणताना आणि मग मला घेऊन रानात जाताना पाहिलं होतं. ते सगळं माहीत असून मी अंगठे घेतले, कारण कागद आता माझ्या हातात होता आणि तो हात भट्टीवाल्याचा दिसतो हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पण पळसाचं काय ते मला खरंच माहीत नव्हतं. पुरुषांना ते कुणी सांगत नाही. पोट असलेली बाई, अंगावर पाजणारी बाई, आणि जिच्या कडेवर पोर आहे ती बाई, यांनी पळसाच्या नजरेत यायचं नाही. आमच्या वाडीत चालू-फिरू शकणारी बहुतेक प्रत्येक बाई या तिघींपैकी एक असतेच.

‘शंभर पावलं आहेत, आई. एवढं लांब.’

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. अगदी हळू. ‘तिथं तो हाय ना. एकटाच हाय. पोट असलेली बाई बघितली की मागनं येतो.’

माझी बी.कॉम. या वाक्यापुढे काय करणार होती?

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांनी फाईल काढून अंगठ्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘संमती आहे की. आणि तुझीच माणसं आहेत. तू नाही समजावणार तर कोण?’ इंजिनिअर म्हणाला, ‘पायाचं काँक्रीट उचलून खाली नेऊ का आता?’ वनखात्याच्या ऑफिसात मी धोंड्यांच्या जागेसाठी अर्ज दिला, त्यावर शिक्का मारून मिळाला, बस. मॅडमनी शेवटी जनजागृतीचं पथनाट्य पाठवलं. पनवेलची पाच मुलं-मुली ढोलकी घेऊन आली. अंधश्रद्धेवर फार चांगलं नाटक केलं. वाडीनं टाळ्या वाजवल्या, मुलांना करवंदं दिली, त्यांना सोडायला पुरुष साकवापर्यंत गेले आणि बायका धोंड्यांवरून पाण्याला गेल्या.

मी बहिणीला म्हटलं, माझ्या खोलीवर चल. ती म्हणाली, ‘आषाढ लागला की येते, दादा. तवर घर कोन बघंल?’ पाऊस आधी आला. दिवसही आधी भरले.

सकाळी मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. पोटात दुखायला लागलंय, आणि धोंडे कालपासून दिसत नाहीत. मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मित्राची मोटारसायकल घेऊन निघालो. नेऱ्याच्या पुढे रस्त्यावर इतकं पाणी होतं की मी अर्धा वेळ गाडी ढकलत होतो. साकवाशी पोहोचलो तेव्हा रुग्णवाहिका माझ्या मागोमाग आली. शेठच्या कोपऱ्यावर, जिथे सही घेऊन मी रस्ता केला होता, तिथे बरोबर येऊन उभी राहिली. स्ट्रेचर घेऊन दोघं साकवावर आले. खाली लालभडक पाणी धडधडत होतं. साकवाला काही नव्हतं. पक्का होता.

‘पेशंट कुठाय?’ त्यांतल्या एकानं विचारलं.

‘घरी.’

‘मग आणा की! पूल आहे, सगळं आहे, थांबलात कशाला?’

मी पळसाजवळून येणाऱ्या वाटेकडे बघितलं. हे मी रिकाम्या स्ट्रेचरपुढे कसं सांगणार होतो. गाडीतून एक डॉक्टरबाई उतरल्या होत्या, तरुण, बहुतेक नोकरीत नव्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बॅग उचलली आणि म्हणाल्या, ‘चला, मी येते घरी.’ मला तेव्हा वाटलं, सुटलो.

घराच्या दारात आई दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. आतून बहिणीचा आवाज येत होता, आणि सुईणीचा.

‘आई, डॉक्टर आल्यात. बाजूला हो.’

आईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ‘कंच्या वाटंनं आल्या?’

मी खोटं बोललो असतो. पण दुसरी वाट उरलीच नव्हती आणि ते आईला माझ्याआधी ठाऊक होतं.

‘त्या वाटंचं मानूस आत नको,’ आई म्हणाली.

‘आजी, मग मी काय उडत यायला हवं होतं का?’ डॉक्टरबाई चिडल्या. तेवढ्यात आतून सुईण ओरडली, ‘पाय दिसतोय गं, पाय!’ डॉक्टरबाईंचा राग तिथल्या तिथे गेला. त्या मला म्हणाल्या, ‘मूल पायाळू आहे. मला आत जावंच लागेल. लगेच.’

मी आईचे पाय धरले. खरंच धरले, चिखलात. ती रडत होती, पण हात चौकटीवरून निघत नव्हते. तिला बाजूला ढकलणं मला कठीण नव्हतं. ते माझ्या हातून झालं नाही. याच हातांनी तिनं बापाची बंडी धरून ठेवली होती. तेव्हा मी काठावर तिसरीतला पोरगा होतो आणि आता ओळखपत्र घातलेला, तेवढाच फरक.

मावशी दळीतून खाली आली ती डोक्यावर गोणपाट घेऊन, कोयता हातात. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई ओट्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्या बाह्यांमधून पाणी ओघळत होतं.

‘मसनातनं आल्यावर काय करतात गं?’ तिनं आईला विचारलं.

‘आंघोल,’ आई म्हणाली.

‘डोक्यावरनं?’

‘डोक्यावरनं.’

‘मग ह्या बाईचा कंचा कपडा कोरडा हाय, दाव मला.’

आईनं डॉक्टरबाईंच्या केसांकडे बघितलं. मग पायांकडे. मग हात खाली आले.

मूल पायाकडून जन्मलं. मुलगी. रडायला तिला इतका वेळ लागला की मी ओट्यावर बसून कुडाच्या काड्या मोजायला लागलो होतो. बहिणीला रक्त खूप गेलं. डॉक्टरबाई दुपारपर्यंत थांबल्या, त्यांनी सलाईन आढ्याला टांगलं, पदवीच्या पिशवीशेजारच्या खिळ्याला. दवाखान्यात न्यायलाच हवं म्हणाल्या. पण बाळंतीण त्या वाटेनं जाणार नव्हती, आणि तिचं मूल तर नाहीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंड्यांची डोकी वर आली तेव्हा चौघांनी तिला झोळीतून नेलं. तोवर ती पांढरीफटक पडली होती. वरच्या अंगाला निळ्या कठड्याचा साकव सगळ्यांना दिसत होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मीसुद्धा.

दवाखान्यातून दोघी परत आल्या. मग एका रविवारी मी मावशीच्या दळीवर गेलो. ओळखपत्र खोलीवर ठेवलं होतं. तिनं मला खुरपं दिलं. मी नाचणीतलं गवत काढत बसलो. पुढच्या रविवारी परत. तिसऱ्या रविवारी खुरपता-खुरपता ती म्हणाली, ‘हितनं काढ.’

‘काय?’

‘वाट. दलीच्या वरच्या कडंनं. त्या मोठ्या दगडाच्या आडनं साकवावर उतरते. पलस दिसत नाय.’

मी उठून उभा राहिलो. ती दाखवत होती तिथे चालून गेलो. कातळ मधे येत होता, आणि पळस खरंच दिसत नव्हता. साकवाचं टोक पायाखाली, आणि साकवही त्याच कातळाच्या आड.

‘मावशे, हे तुला कधीपासून माहीत होतं?’

‘तू कागूद टांगलास तवाच.’

‘आणि सांगितलं नाहीस?’

‘दली माझी हाय,’ ती म्हणाली. ‘शेठाच्या दारात तू धा येला गेलास. माज्या दारात आलास का एकदा तरी?’

गेलो नव्हतो. माझ्या तक्त्यात चारही खणांत मिळून तिच्या दळीचा उल्लेख नव्हता.

ती दोन ओळी नाचणीची जागा सोडायला तयार होती. तिची एकच अट होती: वाटेच्या खालच्या अंगाला दगडाचा बांध घालायचा, तिची माती वाहून जाता कामा नये. मॅडम म्हणाल्या, हे आराखड्यात नाही आणि प्रकल्प तर बंद झालाय. मी म्हटलं, बरं. दसऱ्यानंतर, ट्रक यायच्या आत, वाडीनं ती वाट काढली. सभा झाली नाही. बायका आधी दोघी-तिघी चालून गेल्या, एकीनं मधे थांबून मान वळवून-वळवून पळस कुठून दिसतो का ते बघितलं, एका जागी दिसतो म्हणाली, तिथे पुरुषांनी वाट हातभर वर सरकवली. मी दगड वाहिले. मावशी बांधावर बसून प्रत्येक दगडाला नावं ठेवत होती. ‘ह्यो कंच्या कॉलेजात बसवायला शिकलास रं?’

आई सगळ्यात शेवटी आली, नातीला कडेवर घेऊन. कातळाच्या आडून साकवापर्यंत गेली, पलीकडे रस्त्यावर उतरली आणि त्याच वाटेनं परत आली.

त्यानंतर एक पावसाळा झाला. धोंडे बरेच दिवस पाण्याखाली होते, पण वाडी एक दिवसही बंद पडली नाही. तीन बायका बाळंतपणासाठी दळीच्या वाटेनं, साकवावरून, चालत रस्त्याला लागल्या आणि पनवेलच्या दवाखान्यात पोहोचल्या. तिघी मुलं घेऊन परत आल्या.